हुपरीकर सरांच्या काळ्या पट्ट्या

"जरा वर धर. अजून वर. आता डावीकडे झुकव."

"अहो, माझे हात भरून आले."

"दोनच मिनिटं."

ही दोन मिनिटं सकाळी साडेआठला सुरू झाली होती आणि आता नऊ वाजून गेले होते. मी स्वयंपाकघरात, अंगात गाऊन, डोक्याला तेल चोपडलेलं, आणि दोन्ही हातांत टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा भला मोठा तुकडा धरून उभी. खिडकीतला उजेड त्या पांढऱ्या तुकड्यावर आपटून परत टेबलावर पडतो, म्हणजे वस्तूंची सावलीकडची बाजू काळी राहत नाही, असं आमच्या मगदूमांचं शास्त्र. टेबलावर सासूबाईंचा पितळी तांब्या, त्याच्या पायाशी मूठभर हळकुंडं आणि माझ्या शिवणाच्या डब्यातलं निळ्या दोऱ्याचं रीळ. तांब्या मी आदल्या दिवशी चिंच लावून लख्ख घासला होता, तेही फोटोसाठीच.

"कुकर लावायचाय मला," मी म्हटलं.

"लाव की. हे झालं की लाव."

"वस्तू हलत नाहीत, बोलत नाहीत, तरी तुम्हाला एवढा वेळ कसा लागतो हो?"

"हलत नाहीत म्हणूनच लागतो. माणूस हलला तर दोष त्याच्यावर ढकलता येतो."

शेवटी एकदाचा कॅमेऱ्याचा खट्ट आवाज झाला. मी थर्माकोल भिंतीला टेकवला आणि तांदूळ धुवायला घेतले.

मगदूम म्हणजे माझे मिस्टर, भूपाल मगदूम. हे सांगतेय ते सोळा वर्षांपूर्वीचं, आमच्या सांगलीतल्या घरातलं. हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं केमिस्ट होते. कारखाना बंद पडला आणि चौपन्नाव्या वर्षी हा माणूस घरी आला तो थेट व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसला. आठ महिने बसला. सकाळी पेपर वाचायचा, घडी घालायची, दुपारी उघडून परत तोच वाचायचा. पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास. येता-जाता मुली "काका, नमस्कार" म्हणायच्या. पहिल्यांदा हे मान हलवायचे, मग तेही बंद झालं. खुर्चीच्या वेतात यांच्या पाठीचा खळगा पडला. मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती, खरंच सांगते. शिवता शिवता मशीन थांबवून मी कानोसा घ्यायची, पेपराचा आवाज येतोय का म्हणून.

मग बंगळुरातल्या आमच्या मुलाने, सन्मतीने, नवा कॅमेरा घेतला आणि जुना बापाला पाठवून दिला. आणि हा माणूस उठला.

माणसांचे फोटो यांनी काढलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "वस्तू विचारत नाहीत, सध्या काय करता म्हणून." त्यामुळे घरातली किसणी, खलबत्ता, माझी कात्री, सगळ्यांचे फोटो निघाले. आम्ही जैन, आमच्या घरात कांदा येत नाही. तर एक कांदा फोटोपुरता आणला, मी त्याला व्हरांड्याच्या आत येऊ दिलं नाही, तिथंच स्टुलावर त्याचा फोटो झाला आणि मग तो शेजारच्या घरी भाजीत गेला. मी कटकट करायची, पण मनातून सुखावले होते. खुर्ची रिकामी होती ना.

गावात हौशी फोटोग्राफरांचं एक मंडळ होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ही मंडळी जमायची. प्रत्येकाने एक प्रिंट आणायची, टेबलावर ठेवायची आणि हुपरीकर सर काय बोलतील ते ऐकायचं. हुपरीकर सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, सत्तरी गाठलेले. त्यांच्या खादीच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या असायच्या, काटकोनात कापलेल्या, आम्हा शिवणवाल्यांची एल पट्टी असते तशा. त्या दोन पट्ट्या प्रिंटवर समोरासमोर ठेवायच्या म्हणजे मध्ये चौकट तयार होते. ती चौकट लहान-मोठी करत, इकडे-तिकडे सरकवत सर म्हणायचे, "इथून इथपर्यंत तुमचा फोटो आहे. बाकीचं घरी ठेवून यायचं होतं." आणि पेन्सिलीने प्रिंटवर रेघा मारायचे.

आमचे मगदूम दर वेळी रेघांनी भरलेली प्रिंट घेऊन यायचे आणि जेवताना एकेक वाक्य काढायचे.

"तिन्ही वस्तू मधोमध ठेवल्यात म्हणाले. शाळेचा ग्रुप फोटो आहे का विचारलं."

"आणि?"

"टेबलाची कड तिरकी आहे म्हणाले. हळकुंडं घरंगळतील अशी भीती वाटते म्हणाले."

"आणि?"

"कॉम्प्युटरवर रंग जरा वाढवला होता मी. तर म्हणाले, मगदूम, ही हळकुंडं आहेत की बल्ब लावलेत? आणि चारी कोपरे काळे केले होते, म्हणजे नजर मधे जाते. तर म्हणाले, काजळी का फासली."

मला हसू यायचं, पण यांच्या तोंडाकडे बघून आमटीत तोंड घालायचे.

"आणि तांब्यात कोण आहे म्हणाले."

"कोण आहे तांब्यात?"

"काही नाही गं. उजेड पडलाय."

असं दोन महिने चाललं. मार्चच्या बैठकीहून आले ते कपडे न बदलता खुर्चीत. संध्याकाळपर्यंत. दिवे लागले तरी उठले नाहीत. मी चहा ठेवला, तो गार झाला. रात्री म्हणाले, "सन्मतीला कॅमेरा परत पाठवून देऊ. त्याच्या कुणा मित्राला उपयोगी पडेल." त्यांची किती मनधरणी केली तेव्हा कुठं एप्रिलसाठी त्याच तांब्या-हळकुंडांचा आणखी एक फोटो काढायला तयार झाले. तोच हा, ज्याच्यासाठी मी गाऊनवर अर्ध्या तासावर उभी होते. ह्याही फोटोची सरांनी चिरफाड केली तर हा माणूस परत खुर्चीतून उठणार नाही, एवढं मला दिसत होतं.

म्हणून मी बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, खपली गव्हाची खीर, आमची हुग्गी, केली. गूळ, खोबरं, खसखस सगळं सढळ हाताने. स्टीलचा मोठा डबा भरला आणि पत्ता विचारत हुपरीकर सरांच्या घरी गेले.

सर एकटेच राहायचे. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "मी मगदूमांची मिसेस."

त्यांनी चष्मा वर करून मला नीट बघितलं. "असं का. म्हणजे तुम्ही त्या."

मी कोण त्या, ते काही मला कळलं नाही. विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते. डबा टेबलावर ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आले. "सर, उद्या ह्यांच्या फोटोला छान म्हणा."

"छान असला तर म्हणेन."

"नसला तरी म्हणा. आणि तुमच्या त्या पट्ट्या, त्या काढू नका. एक दिवस पिशवीतच राहू द्या. तुमचं दोन मिनिटांचं बोलणं होतं आणि आमच्या घरी महिनाभर सुतक असतं."

सरांनी डब्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "पट्ट्या काढू नको म्हणता?"

"नका काढू."

"आणि नुसतं छान म्हणू?"

"म्हणा."

"बाई, परत एकदा विचारतो. पट्ट्या काढायच्या नाहीत, छान म्हणायचं आणि पुढचा फोटो घ्यायचा?"

"शंभर वेळा विचारा सर, तेच सांगेन."

"बरं," सर म्हणाले. "तुमची इच्छा."

मला वाटलं, काय हट्टी म्हातारा आहे, पण आपण वाकवला की नाही. येताना मी मंडईतून यांच्या आवडीची ओली घेवड्याची शेंग घेतली.

रविवारी मी पान वाढून वाटच बघत होते. साडेबाराला हे आले. हातात प्रिंट. कोरी, एक रेघ नाही.

"काय म्हणाले सर?"

"छान आहे म्हणाले."

"बघा, मी म्हणत नव्हते?"

हे पानावर बसले. जेवले, हात धुतले. मग कॅमेरा काढला, त्याची काच मऊ फडक्याने पुसली, पिशवीत घातला आणि स्टुलावर चढून ती पिशवी कपाटाच्या वर ठेवली, जिथं आमचा आकाशकंदील वर्षभर पडून असतो तिथं. आणि व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. थर्माकोल भिंतीला टेकूनच. बुधवारी मात्र मी मशीन बंद करून व्हरांड्यात गेले.

"अहो, छान म्हणाले ना सर? मग झालं काय तुम्हाला?"

हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्रिशला, सरांनी पट्ट्या काढल्याच नाहीत."

"चांगलंच झालं की मग."

"तुला नलवडे डॉक्टर माहीत आहेत?"

माहीत होते. दातांचे डॉक्टर. माझी दाढ त्यांनीच काढली होती.

"ते पाच वर्षं दर महिन्याला एक गुलाब आणतात. गुलाबावर पाण्याचे थेंब. थेंब ते स्वतः ड्रॉपरने सोडतात. सर बघतात, छान आहे म्हणतात आणि पुढचा फोटो घेतात. पाच वर्षांत पट्ट्या एकदाही काढल्या नाहीत. नलवडे खूश असतात. बाकी सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ज्याची आशा सोडली त्याला सर छान म्हणतात. ज्याच्याकडून काही होईल असं वाटतं त्याच्या फोटोवर पट्ट्या ठेवतात." हे खुर्चीत मागं टेकले. "रविवारी मी नलवडे झालो."

मी आत गेले आणि पाणी प्यायले. सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं आणि दहा वेळा मी दारापर्यंत जाऊन परत आले. स्वतःचाच असा राग आला होता, आणि राग आला की मला तो दुसऱ्या कुणावर तरी काढावा लागतो. म्हणून मी चप्पल घातली आणि हुपरीकर सरांच्या घरी गेले.

माझा डबा घासूनपुसून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला होता.

"हुग्गी उत्तम होती," सर म्हणाले. "वेलदोडा जरा जास्त झाला होता."

"तुम्हाला माहीत होतं सर. छान म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही म्हणालात."

"तीनदा विचारलं मी तुम्हाला. मला वाटलं, मगदूमांनीच पाठवलं असेल. बोलणं सोसत नाही म्हणून बायकोला पाठवणारे पुष्कळ बघितलेत मी. ज्याला नको असतं त्याच्या फोटोला मी हात लावत नाही."

"त्यांना ठाऊकसुद्धा नाही मी आले होते ते. आणि काय हो, चांगल्याला नावं ठेवायची आणि वाईटाला छान म्हणायचं, ही कुठली पद्धत?"

सरांनी मला बसायला सांगितलं. "तुम्ही काय करता बाई?"

"शिवणक्लास आहे माझा. तीस वर्षं झाली."

"एखादीची शिवण वाकडी गेली तर काय करता?"

"उसवायला लावते."

"सगळ्यांना?"

हो म्हणणार, तेवढ्यात मला माझाच क्लास आठवला. लग्न ठरेपर्यंत वेळ काढायला येणाऱ्या मुली असतात. त्यांच्या बाहीला चुण्या पडल्या तरी मी म्हणते, "छान झालाय गं, घाल." कशाला त्यांचा आणि माझा वेळ घालवा. उसवायला लावते ती हातात कसब असलेल्या मुलीला. एकीला मी एकच कॉलर चार वेळा उसवायला लावली होती. ती रडली, मला नाही नाही ते बोलली, आणि आज तिचं स्वतःचं दुकान आहे. तीस वर्षं मी हेच करत आले आणि स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी मला त्याचा पत्ता लागला नाही.

"मग आता काय करू सर?" मी विचारलं.

"फोटो परत आणायला सांगा. मी तो बघितलेलाच नाही."

"ते यायचे नाहीत."

"ते माझ्या हातात नाही. शिवण तुम्ही घातलीय, तुम्हीच उसवा."

घरी आले. हे खुर्चीतच होते. मी पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हुग्गी, डबा, तीनदा विचारलेलं, सगळं. हे ऐकत राहिले. मी वाट बघत होते, आता आवाज चढेल म्हणून.

"डबाभर हुग्गी दिलीस?" हे म्हणाले.

"हो."

"कुठला डबा?"

"मोठा. स्टीलचा."

"शनिवारी मला वाटीभर दिलीस आणि म्हणालीस, संपली."

"अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय ऐकताय?"

"ऐकतोय." त्यांनी पेपराची घडी घातली, परत उलगडली. "म्हणजे सरांनी तो फोटो बघितलाच नाही."

"नाही बघितला. परत न्यायला सांगितलाय."

"आणि परत छानच म्हणाले तर?"

हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला एकदम रडू आलं. मी पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, "तर मी पण नलवड्यांकडे ड्रॉपर मागायला जाईन. मे महिन्यात मी तुमच्याबरोबर येतेय."

मे महिन्यात मी गेले. बारा-तेरा पुरुष, लहान मुलांचे बुटके बाक, आणि मी एकटीच बाई. नलवडे डॉक्टरांनी माझी दाढ कशी आहे विचारलं आणि आपला गुलाब दाखवला. सर म्हणाले, "छान आहे." डॉक्टर मला म्हणाले, "सरांना माझं काम पहिल्यापासून आवडतं." मी म्हटलं, "दिसतंय."

मग यांची पाळी. प्रिंट टेबलावर आली. मगदूमांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि बोटांची चाळवाचाळव चालली होती, ती मला मागून दिसत होती. सर वाकून बघत राहिले. मी एवढा वेळ देवासमोरही श्वास धरून उभी राहिले नसेन. सर सरळ झाले, चष्मा पुसला, आणि त्यांचा हात पिशवीत गेला.

पट्ट्या बाहेर आल्या.

"डावीकडची ही भिंत कशाला?" एक पट्टी सरकली. "खाली जागाच नाही, तांब्याचा श्वास कोंडलाय. पुढच्या वेळी चार बोटं जागा सोडा. हळकुंडांचा रंग अजून दोन घरं उतरवा, हळद बाजारात बघून या आधी. निळं रीळ चांगलं आहे. ते तिथंच राहू द्या." असं म्हणत म्हणत पट्ट्या तांब्याजवळ येऊन थांबल्या. "आणि मगदूम, चौथ्यांदा विचारतो. तांब्यात कोण आहे?"

सगळे वाकले. मीही पुढं होऊन वाकले. तांब्याच्या पोटावर, चिंचेने घासून मी जो आरसा केला होता त्यात, एक फुगलेली गाऊनवाली बाई, डोक्याला तेल, हातात पांढरा तुकडा, तोंड वैतागलेलं. ती मी होते. दर महिन्याला मीच होते. आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे," सर म्हणाले. "पुसून टाका."

"नाही सर," मगदूम म्हणाले.

सरांना नाही म्हणायची तिथं पद्धत नव्हती.

"का?"

"थर्माकोल तिने धरलाय," हे म्हणाले. यांचे कान लाल झाले होते. "उजेड तिच्याकडून येतोय. तिला पुसून उजेड तेवढा ठेवायचा, हे मला बरं वाटत नाही."

सरांनी पट्ट्या हातात घेतल्या, माझ्याकडे बघितलं, परत तांब्याकडे बघितलं. "मग ती चुकून राहिलीय असं दिसता कामा नये. अर्धी कापलेली, तिरकी, कोपऱ्यात. एकतर काढा नाहीतर नीट मांडा. रीळ मांडलंत ना, तशी मांडा." आणि मला म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी जरा सरळ उभ्या राहा."

घरी येताना यांच्या हातात रेघांनी भरलेली प्रिंट होती आणि चाल अशी, की मला मागं धावावं लागत होतं. आल्या आल्या स्टुलावर चढून पिशवी खाली काढली. मी म्हटलं, थांबा, मी नीट साडी नेसून येते. इस्त्रीची साडी नेसले, वेणी घातली, गजरासुद्धा माळला. तो फोटो जूनमध्ये गेला तर सरांनी पट्ट्या ठेवून विचारलं, "ह्या पाहुण्या कोण?" म्हणून जुलैत परत गाऊन. जानेवारीत मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात तो लागला. खाली पट्टीवर लिहिलं होतं, "तांब्या, हळकुंडं आणि त्रिशला." माझ्या क्लासच्या सगळ्या मुली रांगेने जाऊन मला गाऊनमध्ये बघून आल्या.

हुपरीकर सर जाऊन आता सहा वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी त्या पट्ट्या मगदूमांना दिल्या. दुसऱ्या रविवारी हे त्या पिशवीत घालून जातात. वेताची खुर्ची आहे अजून. तिच्यावर मी बटणं लावायचे कपडे ठेवते.

परवा दुपारी जेवायला बसलो. मी आमटी वाढली आणि विचारलं, "कशी झालीय?"

"छान," हे म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. "अहो, पट्ट्या काढा."

यांनी वाटी तोंडाला लावली, एक भुरका घेतला, डोळे मिटून जरा विचार केला. "चिंच जास्त झालीय. फोडणी घाईत केलीस, हिंग कच्चा लागतोय. आणि कोथिंबीर सगळी मधोमध टाकलीस. ग्रुप फोटो झालाय."

मग मी निवांत जेवले.